पावण्याची पाळी

१

लावता पैज? एक कप चहाची. ही गोष्ट शेवटाला कुठं जाती ते आत्ताच सांगून टाका. तुमी म्हणणार, कोणतर मरतंय. कोण मरत न्हाय. तुमी म्हणणार, सांगणारा म्हाताराच भूत निघतोय. ह्यो हात धरा, गरम हाय का न्हाय? आता बोला.

मी कृष्णात. शाळेत दुसरीपतोर गेलतो, मास्तरच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली आन तिथनंच परत आलो. सही येती. बाकीची अक्षरं मला वळखत न्हाईत आन मी त्यांस्नी.

एस्टी स्टँडच्या मागं शाहूपुरीत माझं घर हाय. खाली नसरीनचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, वर माझ्या खोल्या. कॉट बेसिसवर देतो. तवा वर चार गडी ऱ्हात हुते. हंबीरराव मलकापूरचा, सिक्युरिटीत. शशिधर पतसंस्थेत कारकून, मोज्याला पण इस्त्री करणारा. तोहिद गॅरेजात. आन विरूपाक्ष आप्पा.

आप्पा निपाणीकडचा. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर हुता, रिटायर झाला, बायको गेली, पोरबाळ न्हाय. दोन दिसांसाठी म्हणून कॉटवर आला आन घरचाच झाला. मला 'तम्मा' म्हणायचा. कानडीत धाकट्या भावाला म्हणत्यात तसं. माझ्या सख्ख्या भावानं मला कधी एवढ्या गोडीनं हाक मारली न्हाय. त्यो मला लांबनं बघितला की खिसा चाचपायचा.

मनाला आलं की मी आप्पाच्या चहात साखरेच्या जागी मीठ घालायचो. घोट घेतला की आप्पा डोळं मोठं करणार आन म्हणणार, "तम्मा, तुझं तळपट हू दे." मग उरलेला चहा माझ्या अंगावर. दोघं बी पोट धरून हसायचो. म्हातारपणी दुसरं काय लागतंय.

बाथरूम एक, बंब एक, गडी चार. सकाळी भांडणं. शेवटी शशिधर म्हणला, "आण्णा, पाळ्यांचं टेबल करा आन भितीला लावा."

"टेबल भितीला लावायचं म्हंजे खिळं लई लागतील," मी म्हंटलं. त्यो हसला न्हाय. त्यो कधीच हसत न्हाय.

नसरीननं कंप्युटरवर दोन मिंटात चौकटी पाडल्या. एका बाजूला पाळी, एका बाजूला नाव. पयला हंबीरराव, त्याला ड्युटी. मग आप्पा, शशिधर, तोहिद. पर हंबीररावच्या खाली एक चौकट रिकामीच ऱ्हायली.

"चाचा, एक ओळ जास्त झाली. काढते," नसरीन म्हणली.

तवाच माझ्या डोसक्यात किडा वळवळला. "काढू नको. तितं लिही, पावणं."

"कोण पावणं?"

"कोण न्हाय. शशिधरला ताटकळत ठेवायचं हाय."

नसरीन हसली आन तिनं लिवलं. झालं एवढंच.

२

दुसऱ्या दिशी हंबीरराव अंघोळ करून भायर आला. मी बंबातनं बादलीभर कढत पाणी काढलं, बाथरूमात नेऊन ठेवलं, तांब्या ठेवला, दार वढून घेतलं आन जिन्याकडं तोंड करून हाळी दिली, "पावणं, पाणी काढलंय."

शशिधर टॉवेल गुंडाळून हुबा. "कोण आलंय?"

"पावणं हाईत. टेबलात बघा की."

त्यो कागदाकडं बघतोय, दाराकडं बघतोय. आप्पा कॉटवर तोंड दाबून हसतोय. आमच्याकडं रीतच हाय, पावण्यासाठी पाणी काढलं की त्या पाण्याला घरच्यानं हात लावायचा न्हाय. शशिधरला ते म्हाईत. ताटकळत हुबा ऱ्हायला.

थोड्या येळानं मी म्हंटलं, चला, पुरं झालं, पाणी वतून टाकू. दार उघडलं. बादली मोकळी. फरशी वली. तांब्या पालथा घालून ठेवलेला, माणूस अंघोळ झाल्यावर ठेवतंय तसा.

मी मनात म्हंटलं, शाबास. मला कोणतर चेला भेटला. शशिधर माझ्या म्होरं हुता, हंबीरराव युनिफॉर्म चढवत हुता, आप्पा कॉटवर हुता. ऱ्हायला तोहिद. तोहिदचा कान धरला तर त्यो म्हणतोय, "अल्लाकसम आण्णा, मी आत्ता उठलोय." आन खरंच, डोळ्यात चिपडं तशीच.

मी काय भ्यायलो न्हाय. उलट मजा वाटली. दुसऱ्या दिशी परत हाळी दिली आन दाराला कान लावून बसलो. पयलं काय न्हाय. मग तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला. बुडूक. मग अंगावर पाणी. मग परत बुडूक. सावकाश, घाई न्हाय कसली. दुसऱ्याच्या घरी माणूस घाईनं उरकतंय. ह्यो सोताच्या घरात बसल्यागत अंघोळ करत हुता.

मी पाणी काढायचं बंद केलं. आवाज बंद झाला न्हाय. कागद फाडला, तरी न्हाय. रोज हंबीरराव भायर आला की बंबातलं पाणी आपसूक बादलीभर कमी. नळाच्या पायपात हवा असंल, बंब गळत असंल, असं मी सगळ्यांस्नी सांगितलं. सोताला बी सांगितलं.

शशिधर तेवढा बडबडत ऱ्हायला. "कागद फाडायला कुणी सांगितलंतं? नवीन काढून आणा."

३

बाथरूमच्या भितीला वल. कागद चार दिस टिकला तर लई. म्हणून नसरीनकडनं परत परत काढून आणायचा. मला वाचता येत न्हाय, पर चौकटी दिसत्यात की. वाफ्यात पाणी कुठवर भरलंय ते आडाण्याला बी कळतंय. पावण्याची चौकट जाड झालती.

"नसरीन, ही कशाला वाढवलीस?"

"मी कुठं वाढवली? आपोआप झाली असंल. थांबा." तिनं उंदीर फिरवला, चौकट दाबून बारकी केली. कागद दिला.

पुढच्या बारीला ती चौकट अजून जाड. खालच्या सगळ्या चौकटी खाली ढकलल्यात. एकदा गेलो तर मशिनीतनं दोन कागद आलं. नसरीन म्हणली, "तोहिदची ओळ दुसऱ्या पानावर गेली. दोन्ही लावा."

"एकच लावतो. एका नावासाठी कशाला भित भरवायची?" मी दुसरा कागद तिच्या रद्दीच्या ट्रेत टाकला.

त्या दिशी तोहिद आला न्हाय. दुसऱ्या दिशी न्हाय. बॅग कॉटखाली, चार्जर भितीत. फोन लागतोय, उचलत न्हाय. मला वाटलं, गॅरेजवाल्याशी भांडून कागलला घरी गेला असंल.

आठवड्याभरानं स्टँडम्होरच्या चहाच्या गाड्यावर दिसला. मी मागनं जाऊन त्याच्या टाळक्यात टपली मारली, रोज मारायचो तशी. त्यो वळला. रागावला न्हाय. एकदम आदबीनं बघितलं माझ्याकडं.

"काय पावणं," म्हणला, परक्या माणसाला हाक मारत्यात तसं, "कुणाला तर दुसऱ्याला समजून मारलासा काय?"

"अरं लेका, मी आण्णा."

"असाल की," त्यो म्हणला. चहाचा कप ठेवला आन चालता झाला. चेष्टा करणाऱ्या माणसाला चेष्टा वळखू येती. ही चेष्टा नव्हती.

४

मग शशिधर. त्याची चौकट खाली सरकत सरकत कागदाच्या कडंला आली आन एक दिस नव्या कागदावर न्हवतीच; दुसरा कागद मी ह्या बारीला बी रद्दीतच टाकलाता. सकाळी पतसंस्थेत गेला तो गेला. मी तिथं गेलो. मुरगूडच्या शाखेत बदली मागून घेतली म्हणाले. मुरगूडला फोन लावला. "शाहूपुरीत मी कधी ऱ्हात नव्हतो," म्हणला. इस्त्रीचे मोजं अजून माझ्या दोरीवर वाळत हुते. मी ते हातात धरून बोलत हुतो.

आता कागदावर तिघंच. वर हंबीरराव, एका वळीत. खाली आप्पा, एका वळीत. मधी पावणं, कागदभर.

त्या दिशी मी पयल्यांदा भ्यायलो. सोतासाठी न्हाय. मी टेबलात न्हवतोच, मी आपला दुपारी गॅलरीत अंगावर दोन तांबं घेणारा. आप्पासाठी भ्यायलो. आप्पा कागदावरनं पडला तर स्टँडवर मला भेटंल आन 'पावणं' म्हणंल. हे मला परवडणारं न्हवतं.

आप्पाला सगळं सांगितलं. त्यो कपाळाला विभूती लावत बसलाता.

"नसरीनला सांगतो आप्पा, तुमची वळ वर घ्यायला. पावण्याच्या आधी."

"पावण्याच्या आधी?" आप्पानं हात थांबवला. "तम्मा, पावणा बसलेला आन घरचा माणूस आधी अंघोळीला? आमच्यात असलं नसतंय."

"कसला पावणा? कोण न्हाय आत."

"न्हाय तर मग पाणी कोण संपवतंय?"

"म्हंजे तुमाला बी ऐकू येतंय."

"येतंय की. रोज. चांगला सावकाश अंघोळ करतोय. दमून आलेला दिसतोय लांबनं."

असा हा माणूस. बसमधी सोताची जागा देऊन निपाणीपतोर हुबा जाणारा. म्या डोसक्याला हात लावला.

५

खाली गेलो. नसरीनला म्हंटलं, "ती पावण्याची चौकट काढूनच टाक."

तिनं काढली. माझ्या डोळ्यांदेखत काढली. फाईल बंद केली, उघडली. चौकट हाय तितंच. परत काढली. परत आली. नसरीनचा चेहरा उतरला. तिनं कायतर बटण दाबलं, म्हणली, "नुसत्या डोळ्याला दिसत न्हाईत अशा खुणा दाखवते." सगळ्या चौकटीत बारक्या बारक्या खुणा उमटल्या. दुसऱ्यांच्या चौकटीत एकेक. पावण्याच्या चौकटीत खाली खाली खाली, ह्ये एवढ्या.

"ह्ये काय?"

"एंटर मारलाय, चाचा. माणूस नवीन ओळीवर जायला मारतो तसा. आत काय लिवलेलं न्हाय. नुसतं एंटर."

आमी बघत हुतो. तिचे हात मांडीवर हुते. चौकटीत खाली अजून एक खूण आली. जरा थांबून अजून एक. सावकाश. मला तो ताल म्हाईत हुता. बुडूक. मग बुडूक.

"व्हायरस असंल," नसरीन म्हणली. आवाजात दम न्हवता.

"असंल. बांधून टाक त्याला."

"उंची बांधता येती. एवढीच म्हणजे एवढीच, आत काय बी असू दे." तिनं बांधली. चौकट बोटाएवढी झाली आन तशीच ऱ्हायली. मी कागद घेऊन जिना चढलो, शीळ वाजवत.

वर बाथरूमचं दार लागलेलं. फळ्यांचं जुनं दार, आतनं कडी बी धड बसत न्हाय. हंबीरराव ड्युटीवर, आप्पा खोलीत. मी ढकललं. सरकंना. खांदा लावला. दार आतनं भरल्यागत. कोंबलेल्या पोत्यावर हात मारल्यावर लागतंय तसं लागत हुतं, घट्ट आन ऊन. फळ्या करकरायला लागल्या. माझ्याकडं फुगायला लागल्या.

त्या फळ्यांमधी फटी हाईत. मी वाकून खालच्या फटीतनं बघितलं.

पाठ हुती. वली, माणसाची पाठ. फटीला चिकटलेली. मी मधल्या फटीतनं बघितलं, पाठ. टाचा वर करून वरच्या फटीतनं बघितलं, तितं बी पाठच. खांदं न्हाईत, मान न्हाय. वरच्या फटीतनं पाण्याचा एक थेंब निघाला आन वघळ पाडत पाडत खालच्या फटीपतोर गेला. त्याला लई येळ लागला.

मी जिन्यावरनंच वरडलो, "नसरीन, सोड. बांधलेलं सोड."

दार ढिलं पडलं. आतनं तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

६

आता माझी सटकली. ह्ये घर माझं. बंब माझा, जळण माझं, पाणी माझं, आप्पा माझा. चेष्टेत बोलवलेला कोणतर येतोय आन माझीच माणसं ढकलून देतोय व्हय?

पर पावण्याला हाकलता येत न्हाय. पावण्याला मान देऊन वाटंला लावावं लागतंय. महाद्वार रोडला गेलो. नवा टॉवेल घेतला, पांढरी टोपी घेतली, नारळ घेतला. आमच्यात टॉवेल-टोपी-नारळ हातात पडला की कितीबी चिकट पावणा उठतोय. त्याच्यानंतर बी बसून ऱ्हायला तर चार लोकांत शोभत न्हाय.

सकाळी हंबीरराव अंघोळ करून भायर आला. आत बुडूक सुरू झालं. मी दार बोटभर उघडलं. वाफ. मी आत बघितलं न्हाय. हात घालून कट्ट्यावर टॉवेल ठेवला, त्यावर टोपी, त्यावर नारळ.

"पावणं," मी म्हंटलं, "अंघोळ झाली, पावणचार झाला. ह्यो तुमचा मान. आता वाट धरा."

बुडूक थांबलं.

"आन आधीच सांगतो. स्टँडवर घालवायला मी येणार न्हाय. तुमचं तुमी जायाचं."

मागनं आप्पा आलता. माझा दंड धरला त्यानं. "तम्मा, असं बोलायचं नसतंय. घालवायला जावं लागतंय. तू बोलवलंयस त्याला."

"चेष्टा केलती."

"हाळी दिलीस न्हवं? पाणी काढलंस न्हवं? त्याला काय ठावं चेष्टा हाय का खरं."

"हाळी द्यायची जीभ माझी आन जा म्हणायची जीभ बी माझीच," मी म्हंटलं. "न्हाय जाणार. काय करायचंय ते करू दे."

आप्पानं माझा दंड सोडला.

आत नारळ कट्ट्यावर जरासा गडगडला, कोणतर उचलल्यागत.

मी थांबलो न्हाय. तडक खाली. नसरीन नुकतंच शटर वर करत हुती. म्हंटलं, फाईल काढ. तिनं काढली. खुणा दाखवायचं बटण दाबलं. पावण्याच्या चौकटीत एकच खूण. चौकट एका वळीची. सगळी कशी कवायतीला हुबारल्यागत. मशिनीतनं एकच कागद आला.

"गेलं की वं, चाचा," नसरीन म्हणली. तिनं चहा मागवला. मी तिच्या चहात मीठ घातलं. तिनं पेनानं माझ्या डोसक्यात मारलं. असं वाटलं, जग परत जाग्यावर आलं.

७

कागद घेऊन वर पळालो, आप्पाला दाखवायला. जिना वला हुता. मला वाटलं, नसरीनच्या बाईनं पुसलाय.

बाथरूम उघडं. बादली मोकळी, तांब्या पालथा, कट्ट्यावर काय न्हाय. खोलीत आप्पाची कॉट मोकळी. चप्पल दारात, दोन्ही पाय नीट जोडून.

हंबीरराव युनिफॉर्म चढवत हुता. "आप्पा स्टँडकडं गेलं की," म्हणला. "कुणाला तर घालवायला. मला म्हणालं, तम्मानं तोंड फिरवलंय, म्हणून पावण्याला एकटं सोडायचं व्हय?"

"बरोबर कोण हुतं?"

हंबीरराव बटण लावता लावता थांबला. "बरोबर कोण दिसलं न्हाय, आण्णा. पर आप्पा जिन्यावरनं एका कडंनं उतरत हुतं. भितीला घासून. शेजारच्याला जागा दिल्यागत."

मी स्टँडवर गेलो. कागलची गाडी बघितली, मुरगूडची बघितली, निपाणीच्या गाडीत चढून एकेक शीट बघितलं. कंडक्टर म्हणला, "म्हातारबा, बसा न्हायतर उतरा." उतरलो.

दिवस कलायला आला तवा दारात कोणतर हुबं ऱ्हायलं. आप्पा. पायात काय न्हाय. कपाळावर विभूती न्हाय. डोईला नवी पांढरी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, वला. हातात नारळ.

"कुठं उलथलाता वं," मी म्हंटलं. मला रडू यायला लागलतं, म्हणून मोठ्यानं वरडलो. "सगळं स्टँड पालथं घातलं."

आप्पा हसला. आदबीनं.

"पावणं," म्हणला, "हितं कॉट मिळंल का?"

दिली. न्हाय कसा देणार. त्याचीच कॉट दिली. त्यानं भितीवरचा कागद बघितला. आप्पाच्या नावाची चौकट सोडून वरच्या, पावण्याच्या चौकटीवर बोट ठेवलं. "ही पाळी मोकळी दिसती. ही चालंल मला."

नसरीन म्हणती, चाचा, पावण्याच्या जागी आप्पाचं नाव लिहू का? मी बदलू देत न्हाय. खालची आप्पाची चौकट तशीच ठेवलीया. रोज सकाळी मी पाणी काढतो आन हाळी देतो, "आप्पा, पाणी काढलंय." त्यो कॉटवर बसून जिन्याकडं बघतोय, आप्पा कोण येतंय म्हणून. दोनदा देतो, तीनदा देतो. पाणी निवायला लागतंय. मग मलाच म्हणावं लागतंय, पावणं. मग उठतोय. आत सावकाश बुडूक, बुडूक. कधी आतनं म्हणतोय, जरा पाठ चोळता का? मी जात न्हाय.

पर मी बी कृष्णात हाय. हार मानणारा न्हाय. अंघोळ झाली की त्याला चहा देतो. मीठ घालून. रोज जरा जास्त. एक ना एक दिस डोळं मोठं करंल, माझं तळपट काढंल, कप माझ्या अंगावर वतंल. काल तर मूठभर घातलं. म्होरं बसलो, तोंडाकडं बघत.

त्यानं घोट घोट करत तळापतोर पिला. कप खाली ठेवला. टॉवेलानं मिशा पुसल्या.

"चहा झकास झालाय," म्हणला, "पावणं."